पंचावन्नाव्या वर्षी प्रवेशपरीक्षा

पंचावन्न हे वय मोठे चमत्कारिक. तीर्थयात्रेला निघावे तर लोक म्हणतात, "इतक्यात?" आणि कॉलेजात जायचे म्हटले तर म्हणतात, "आता?" माझ्या वाट्याला हा दुसरा प्रश्न आला. २०२५ च्या उन्हाळ्यात मी तीन वर्षांच्या एल्एल.बी.ची प्रवेशपरीक्षा दिली. आपली मुले जिला नुसते 'सीईटी' म्हणतात, तीच. मरोळच्या आमच्या इमारतीत ही बातमी फिरायला एक संध्याकाळ पुरली. तळमजल्यावरच्या काकूंनी मला जिन्यात गाठून विचारले, "फॉर्म लेकीचा ना हो?" मी म्हटले, "नाही, माझा." त्यांनी माझ्याकडे पाहिले, हातातल्या भाजीच्या पिशवीकडे पाहिले आणि समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "बरं केलंत. तेवढाच वेळ जातो."

वाचकहो, घालवायला वेळ माझ्यापाशी नव्हताच. घरी ऐंशी वर्षांच्या सासूबाई, सकाळी दोन डबे, दुपारी एका दुकानाचे हिशेब लिहिण्याचे काम. कारण निराळेच होते. आमची इमारत जुनी, तीन मजली, लिफ्ट नसलेली, आणि आता मरोळमधल्या तिच्या बहुतेक बहिणींप्रमाणे पाडून नवी बांधायच्या वाटेवर. बिल्डरकडून जाडजूड इंग्रजी कागद येत आणि सभेत लोक एवढेच विचारीत, "सही कुठं करायची?" सहकारी संस्थांच्या इमारतींचा पुनर्विकास कसा करावा, याची कार्यपद्धती शासनाने सहकार कायद्याच्या कलम ७९-अ खाली ४ जुलै २०१९ रोजी ठरवून दिली आहे. मी ती मिळवली, चार वेळा वाचली आणि एका सभेत उठून त्यातला एक परिच्छेद वाचू लागले. एका गृहस्थांनी मध्येच विचारले, "वहिनी, तुम्ही वकील आहात का?" मी म्हटले, "नाही." "मग बसा."

मी बसले. पण घरी आल्यावर ह्यांना म्हटले, "वकील व्हायला काय लागतं हो?"

ह्यांनी पहिली शंका काढली ती वयाची. शंका अगदीच निराधार नव्हती. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला कमाल तीस वर्षांची मर्यादा लिहिलेली होती. तिच्यावरून वर्षानुवर्षे कोर्टकज्जे चालले आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने तिच्या अंमलबजावणीला स्थगिती दिली. म्हणून आज या सीईटीला वयाची वरची अट नाही. पदवी हवी आणि खुल्या गटाला त्या पदवीत ४५ टक्के गुण हवेत. माझी १९९१ ची बी.कॉम.ची गुणपत्रिका लोखंडी कपाटात साड्यांच्या खाली होती. तिच्यावर ५२ टक्के होते. त्या ५२ टक्क्यांचा पुढे कधी उपयोग होईल असे मला चौतीस वर्षांत वाटले नव्हते.

वयाचा प्रश्न निघालाच आहे म्हणून सांगते. चीनमध्ये राजदरबारी नोकरीसाठी शेकडो वर्षे परीक्षा चालत. त्या १९०५ साली बंद झाल्या. त्यांत पिकल्या केसांचा उमेदवार हे नवल नव्हते. आयुष्यभर नापास होत आलेले म्हातारे नातवंडांच्या वयाच्या पोरांशेजारी कोठडीत बसून निबंध लिहीत. ही माहिती मी ह्यांना मुद्दाम पुरवली. ते म्हणाले, "त्यांच्या घरी चहा कोण करीत असे?" त्यानंतर मात्र परीक्षेपर्यंत सकाळचा चहा त्यांनीच केला, हे नमूद करणे माझे कर्तव्य आहे.

आपल्याकडे विद्यापीठाच्या दाराशी परीक्षा येऊन उभी राहिली ती १८५९ साली. मुंबई विद्यापीठ १८५७ चे. राजाबाई टॉवर उभा राहायला अजून वीसएक वर्षे होती. 'मॅट्रिक'चा मूळ अर्थच विद्यापीठाच्या पटावर नाव दाखल होणे. आपण पुढे तिला शाळेची शेवटची परीक्षा म्हणून ओळखू लागलो, पण होती ती प्रवेशपरीक्षाच. पहिल्या वर्षी उतरलेल्यांत महादेव गोविंद रानडे होते, वय वर्षे सतरा. आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. हेच दोघे, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे हे १८६२ साली विद्यापीठाचे पहिले चार बी.ए. झाले.

परीक्षेचे केंद्र कुठे येणार ही आजच्या आईबापांची मोठी चिंता. ती त्या काळीही होतीच. मोहनदास गांधी १८८७ साली मॅट्रिकला बसले तेव्हा मुंबई आणि अहमदाबाद अशी दोनच केंद्रे होती. काठेवाडातल्या गरीब विद्यार्थ्यांना जवळचे आणि स्वस्त ते अहमदाबाद बरे वाटे. गांधीजींनीही तेच निवडले, आणि राजकोटहून अहमदाबादचा तो प्रवास त्यांनी पहिल्यांदाच आणि एकट्याने केला, असे त्यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. त्या मानाने मी भाग्यवान. माझे केंद्र आले ते मरोळच्या औद्योगिक वसाहतीत, घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर.

बायकांच्या दृष्टीने पाहिले तर हे दार उघडायलाच उशीर झाला. मुंबई विद्यापीठाने स्त्रियांना परीक्षांची मुभा दिली ती १८८३ साली. या विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर कॉर्नेलिया सोराबजी, जन्म नाशिकचा, शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. त्या पुढे ऑक्सफर्डला गेल्या आणि १८९२ साली तिथली कायद्याची परीक्षा देणारी पहिली स्त्री ठरल्या. परीक्षा दिली खरी, पण पदवी हाती पडली ती तीस वर्षांनी, १९२२ साली, आणि हिंदुस्थानात बायकांना वकिलीची मोकळीक मिळाली ती १९२३ च्या कायद्याने. सासूबाईंना मी हे वाचून दाखवले तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे पास होऊन थांबायचं. माझ्यासारखंच."

सासूबाई १९६२ च्या एस.एस.सी. १९४८ च्या कायद्याने एस.एस.सी.चे मंडळ निघाले आणि मॅट्रिकची जागा त्या परीक्षेने घेतली. तेव्हा ती अकरावीला असे. त्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या. परीक्षेसाठी रत्नागिरीला एका दूरच्या आत्याकडे आठ दिवस राहिल्या. निकाल वर्तमानपत्रात नुसत्या नंबरांनी छापून आला. गावात एकच अंक येई. तो मास्तरांच्या घरी ओसरीवर उघडला तेव्हा नंबर सापडला, आणि वडिलांनी गूळ वाटला. पास झालेल्याला कॉलेजचे दार उघडे होते, वेगळी परीक्षा नव्हती. पण कॉलेज होते शहरात आणि स्थळ आले होते घरात. त्याच वैशाखात लग्न झाले आणि त्या मुंबईला आल्या. ही हकीकत मी तीस वर्षांत शंभरदा ऐकली असेल, पण दरवेळी ती गुळाशी संपे. त्यापुढचे मला या उन्हाळ्यात प्रथमच कळले.

आमच्या लेकीची गोष्ट तर अगदी वेगळ्या जगातली. आमच्यापासून पवई हाकेच्या अंतरावर. तिथली आय.आय.टी. १९५८ ची, आणि अशा संस्थांसाठी देशभर एकच प्रवेशपरीक्षा घेण्याचा प्रघात १९६१ पासूनचा. मरोळमधल्या कितीतरी घरांत मूल आठवीत गेले की पवईच्या दिशेने नमस्कार सुरू होतात. लेक पवईला गेली नाही, पण राज्याची सीईटी देऊन इंजिनिअर झाली. तिचे वर्ष २०१९ चे, म्हणजे ही सीईटी कागदावरून संगणकावर आली तेच. आता ती पुण्यात नोकरीला आहे. फोनवर तिने मला बजावले, "आई, तू मार्कांचा विचारच करू नकोस. पर्सेंटाइलचा कर."

हे पर्सेंटाइल म्हणजे काय ते समजून घ्यायला मला आठवडा लागला, आणि या लेखाचा खरा विषय तोच आहे. टक्के म्हणजे शंभरापैकी आपले गुण. पर्सेंटाइल म्हणजे शंभर उमेदवारांची रांग केली तर तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी गुण असलेले किती जण, तो आकडा. आमच्या चाळीत लहानपणी नळावर हंड्यांची रांग लागे. माझा हंडा किती मोठा, त्यात पाणी किती मावते, याला तिथे महत्त्व नव्हते. माझ्यामागे किती हंडे आहेत याला होते. तसेच हे. परीक्षा अनेक सत्रांत होते, सकाळच्यांना एक प्रश्नपत्रिका, दुपारच्यांना दुसरी. एखादी अवघड निघाली तर त्या मुलांवर अन्याय नको, म्हणून प्रत्येकाची तुलना त्याच्याच सत्रातल्या उमेदवारांशी करतात. युक्ती न्यायाची आहे, हे मला मान्य. पण त्या आकड्यापुढे दशांश चिन्ह देऊन सात सात अंक छापतात, ते पाहून माणसाला भास होतो की ज्ञान सोनाराच्या काट्यावर तोलले आहे. मोजलेली असते ती फक्त रांग. दोघांत एका गुणाचेच अंतर असले तरी मध्ये शेकडो माणसे उभी असू शकतात.

मॅट्रिक आणि सीईटी यांत मला दिसलेला फरक तो हा. मॅट्रिकची परीक्षा विचारी, "तुला पुरेसे येते का?" पुष्कळांना ती नाही म्हणून परत पाठवी, आणि नापासाचा तो शिक्का कितीएक घरांत जन्मभर पुरला. पण जो उंबरा ओलांडी त्याला आत घेई. शेजाऱ्याला किती आले याच्याशी त्याचे देणेघेणे नसे. आजची परीक्षा नापास कुणालाच करीत नाही. ती एवढेच विचारते, "तुझ्यामागे किती?" जागा थोड्या आणि माणसे फार झाली की दुसरे काय करणार, हे मला कळते. तरीही या प्रश्नात एक गोची आहे. मी रात्री दीडपर्यंत बसून राज्यघटना वाचली, आणि पालघरच्या एखाद्या मुलीने दोनपर्यंत बसून वाचली, तर माझी घटना कमी होते. ती मुलगी माझी वैरीण नाही, पण आकडा आम्हाला समोरासमोर उभे करतो.

अभ्यास मी घरीच केला. अंधेरीत क्लास पुष्कळ, पण तिथल्या बाकांवर बसून वीस वर्षांच्या पोरांत 'मॅडम' म्हणवून घेण्याची माझी तयारी नव्हती. १२० प्रश्न, १२० मिनिटे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही, हे लेकीने तीनदा घोकून घेतले. सर्वांत मोठा वाटा इंग्रजीचा, मग सामान्यज्ञान, कायद्याची जाण आणि तर्क. कायद्याच्या प्रश्नात आधी एक तत्त्व देतात, मग एक प्रसंग, आणि निकाल आपण द्यायचा. समजा, शेजाऱ्याच्या गच्चीवरची कुंडी वाऱ्याने पडली आणि तुमची काच फुटली, तर भरपाई कोणी द्यावी? अशा खटल्यांचा निवाडा करण्यात माझी उभी हयात गेली. तर्काच्या भागात नात्यांची कोडी असतात: अमक्याच्या वडिलांच्या एकुलत्या एका मुलीचा मुलगा तमक्याचा कोण? पोरे यावर झाडाच्या आकृत्या काढीत बसतात. ज्या बाईने चार लग्नांत आहेराच्या याद्या केल्या आहेत, चुलत, मावस, आते, मामे सांभाळून मानपान केले आहेत, तिला आकृती कशाला हवी?

भाषेची मात्र मौज झाली. पडद्यावर प्रश्न इंग्रजीत आणि मराठीतही वाचता येतो. मी मराठी शाळेत शिकलेली, म्हणून आनंदाने मराठी उघडले, तर समोर 'अपकृत्य', 'प्रतिफल', 'अभिहस्तांतरण' अशी मंडळी ओळीने उभी. इंग्रजी वाचले तेव्हा मराठीचा अर्थ लागला. विद्यापीठाच्या परीक्षांत मराठीला पुन्हा जागा मिळावी म्हणून रानड्यांनी अखेरपर्यंत खटपट केली होती. जागा मिळाली आहे. आता ती मराठी नळावरच्या बाईलाही कळावी, एवढे काम शिल्लक आहे.

परीक्षेच्या दिवशी ह्यांनी रजा काढली आणि सासूबाईंनी हातावर दही ठेवले. मरोळची ही वसाहत मी लग्न होऊन आले तेव्हापासून पाहते. तेव्हा तिथल्या शेडमधून लेथ मशीनची घरघर ऐकू येई. आता काचेच्या इमारती आहेत, आणि त्यांतल्या एकीत संगणकांच्या रांगा मांडून परीक्षा चालतात. फाटकाशी गर्दी होती. डहाणूहून पहाटेच निघालेली एक मुलगी, तिच्या आईच्या कडेवर त्या मुलीचेच सात-आठ महिन्यांचे बाळ. आत जाण्यापूर्वी तिने बाळाला पाजले, पदर सावरला आणि प्रवेशपत्र दाताखाली धरून केस बांधले. माझ्यापुढे एक पोलीस शिपाई होते, चाळिशीतले, साध्या कपड्यांत. त्यांनी अदबीने विचारले, "मावशी, मुलगी कुठल्या मजल्यावर आहे?" मी म्हटले, "मुलगी पुण्याला आहे. मजला माझाच शोधतेय." ते क्षणभर थांबले आणि हसून म्हणाले, "मग रांगेत माझ्यापुढे या."

आत घड्याळ नाही, पर्स नाही, मोबाइल नाही. माझ्या मंगळसूत्राकडे तपासणाऱ्या मुलीने दोनदा पाहिले आणि राहू दिले. फोटो काढला, कच्च्या कामाला एक कागद दिला, आणि मी पडद्यासमोर बसले. वरच्या कोपऱ्यात वेळ उलटी पळत असते. उजवीकडे १२० चौकोन: उत्तर दिले की हिरवा, पाहून सोडला की लाल, पुन्हा पाहू म्हणून खूण केली की जांभळा. पहिली पाच मिनिटे मला फक्त रांगोळी दिसत होती. मग डोळे स्थिरावले. चाळिसाव्या मिनिटाला माझा संगणक गोठला. हात वर केला, एक मुलगा धावत आला, "आंटी, घाबरू नका, टाइम कापला जाणार नाही," म्हणाला आणि मला शेजारच्या यंत्रावर बसवले. तिथे लॉग-इन केल्यावर माझी सगळी हिरवी घरे जिथल्या तिथे होती आणि वेळही थांबलेलीच होती. तेवढ्या चार मिनिटांत मात्र मी रामरक्षा दीड वेळा म्हटली.

निकाल पावसाळ्यात लागला. ८६ पर्सेंटाइल आणि पुढे सात अंकांची शेपटी. शंभरांत छ्याऐंशी माझ्याइतके किंवा मागे. ह्यांनी तो आकडा मोठ्याने वाचला, मग काकूंच्या घरी जाऊन पुन्हा वाचला. पण या आकड्याने दार सगळीकडे सारखे उघडत नाही. मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय १८५५ चे, म्हणजे विद्यापीठाहूनही दोन वर्षांनी वडील. तिथे पोचायला शंभराच्या अगदी टोकाशी असावे लागते. मी पसंतीच्या यादीत त्याचे नाव पहिले लिहिले, निदान लिहिल्याचे समाधान.

खरी परीक्षा कागदपत्रांची निघाली. माझी दहावी, बारावी आणि बी.कॉम. माहेरच्या नावाने, आधार आणि पॅन सासरच्या. दोन्ही बाई एकच, याचा पुरावा पाहिजे. आमचे लग्न १९९६ चे, नोंदणी केलेली नाही. घरी होती फक्त पत्रिका आणि फोटो. मग महापालिकेच्या कार्यालयात उशिरा नोंदणी, तीन साक्षीदार, भटजींची सही. ते भटजी आता नाहीत, म्हणून प्रतिज्ञापत्र. ह्या खटपटीत दोन आठवडे गेले आणि पहिली फेरी हातची निसटली. पुरुषांपैकी कुणाला हे करावे लागल्याचे मी ऐकले नाही. डहाणूच्या त्या मुलीने हे कसे निभावले असेल, असे तेव्हा सारखे मनात येई.

मी कागद पसरून बसले असताना सासूबाईंनी आपली जुनी ट्रंक ओढायला लावली. तळाशी, कापडी पिशवीत, त्यांचे एस.एस.सी.चे प्रमाणपत्र निघाले. घड्यांवर फाटलेले, पण अक्षर स्वच्छ. त्यावरचे नाव मी प्रथमच वाचले. लग्नात त्यांचे नावही बदलले होते, आडनावच नव्हे. त्या म्हणाल्या, "हे घेतील का गं ते लोक? यालाही चिकटवून दे पुरावा." मी म्हटले, "आई, तुम्हाला आधी पदवी घ्यावी लागेल." त्या म्हणाल्या, "बघू. तुझं झालं की सांग."

दुसऱ्या फेरीत मला उपनगरातल्या एका महाविद्यालयात जागा मिळाली. फीचा आकडा पाहून ह्यांनी चष्मा पुसला आणि मग चेकबुक काढले. वर्ग सकाळी साडेसातला भरतात. मरोळ नाक्याहून मेट्रोने निघायचे तर घर सव्वासहाला सोडावे लागते. डबे आता रात्रीच अर्धे होतात. पहिल्या वर्षाला करार कायदा आहे. पहिल्याच आठवड्यात 'प्रतिफल' म्हणजे काय ते समजले: घेतलेल्याच्या बदल्यात दिलेले काहीतरी. मी वहीच्या समासात कंसात लिहून ठेवले आहे, 'आहेर-परतआहेर'.